शोध आफ्के-एक्केचाळीसचा

फ्रिसलंडातल्या लेउवार्डन शहराच्या पूर्वेला जेवढी म्हणून अक्कल शिल्लक आहे, तिचा मोठा साठा आपल्याच टाळक्यात आहे, असं चिब्बे वियार्डाचं प्रामाणिक मत होतं. इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशाच्या, तिथल्या फ्रिशियन भाषेतल्या आवृत्तीत प्रत्येक संपादकाला स्वतःविषयी लिहायला एक पान मिळतं. बाकीच्यांनी तिथे 'मला बागकामाची आवड आहे' असं काहीतरी लिहून विषय संपवला होता. चिब्बेनं लिहिलं होतं: 'नजर ससाण्याची, स्मरणशक्ती हत्तीची, पाळत मांजराची. गुन्हेगार माझ्यासमोर येतो तेव्हा तो अर्धा पकडलेला असतो.'

"उरलेला अर्धा कोण पकडतं?" त्याची बायको हिंके म्हणाली होती.

चिब्बेनं आयुष्यभर कालव्यावरचा उघडमीट पूल सांभाळला होता. होडी आली की पूल उचलायचा, गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट खाली सोडायचा, होडीवाल्यानं त्यात टोल टाकला की 'सुखरूप जा' म्हणायचं. या कामात माणसाला माणसांची टाळकी वरून दिसतात, आणि टाळकं पाहून आतला विचार ओळखता येतो, असा त्याचा सिद्धांत होता. निवृत्तीनंतर टाळकी संपली. मग तो ज्ञानकोशाकडे वळला आणि बघता बघता 'लेख-परीक्षक' झाला. फ्रिशियन आवृत्तीत नेमानं काम करणारी सगळी माणसं एका जेवणाच्या टेबलाभोवती मावतात, तेव्हा बढतीला वेळ लागत नाही.

तर या परीक्षकाच्या हाती रेन्स्के आल्ग्राचं चरित्र आलं.

रेन्स्के म्हणजे कालव्यावरच्या बांबूउडीतली एके काळची विजेती. पाण्यात रोवलेल्या काठीवर धावत जाऊन झेप घ्यायची, ती कलायच्या आत सरसर शेंड्याकडे चढायचं आणि पलीकडच्या वाळूत उतरायचं. जमलं तर वाळू, नाही तर पाणी. तिच्यावरचा लेख इतका त्रोटक होता की त्याहून जास्त माहिती दह्याच्या डब्यावर असते. चिब्बेनं जुनी वर्तमानपत्रं चाळून तो वाढवला, संदर्भ लावले, कुणीतरी भक्तिभावानं घुसडलेलं 'साक्षात वाऱ्याची लेक' हे वाक्य 'पुरावा नाही' म्हणून उडवलं. रेन्स्केच्या गावात नवं उडीचं मैदान बांधलं होतं, त्याला तिचंच नाव द्यायचं होतं, आणि उद्घाटनाच्या दिवशी हा लेख मुखपृष्ठावर झळकणार होता.

घोडं अडलं फोटोवर.

लेखातला फोटो छान होता. काठीच्या टोकाला रेन्स्के आणि मागे नुसतं आभाळ. पण कुणीतरी तो पुन्हा पुन्हा काढून दुसराच लावत होतं. त्यात रेन्स्के कालव्यात पडत होती. डोकं खाली, पाय वर, चेहरा धूसर, एकूण अवस्था खुंटीवरून निसटलेल्या कोटासारखी. चिब्बे जुना फोटो परत लावायचा, दुसऱ्या दिवशी रेन्स्के पुन्हा पाण्यात. आणि खाली दोनच शब्द: 'वाईट नाही.'

आता आमच्या फ्रिसलंडात 'वाईट नाही' याहून मोठी स्तुती नाही. पोरगं डॉक्टर झालं, वाईट नाही. आजी शंभरीला पोचली, वाईट नाही. म्हणूनच उलट्या पडणाऱ्या बाईच्या फोटोखाली हे शब्द म्हणजे जखमेवर मीठ, असं चिब्बेनं ताडलं. फोटो लावणाऱ्यानं सदस्यनाव घेतलं होतं 'आफ्के-४१'.

"आफ्के हे बाईचं नाव," चिब्बेनं स्वयंपाकघरात फेऱ्या मारत जाहीर केलं. "एक्केचाळीस हे तिचं वय. हिंके, आरोपी बाई आहे, एक्केचाळीस वर्षांची आहे, आणि जळकुटी आहे."

"कोण आरोपी? कुठला फोटो? मला दाखव तरी."

"तपास गोपनीय आहे."

"मग गोपनीय फेऱ्या बाहेरच्या खोलीत मार. मला फरशी पुसायची आहे."

खूप शोधाशोध करून चिब्बेला डोक्कम गावात एक्केचाळीस वर्षांची एक आफ्के सापडली. ती दातांच्या डॉक्टरकडे भेटीच्या वेळा देत असे. चिब्बे गाल धरून, दाढदुखीचं सोंग घेऊन तिथे गेला.

"कधीपासून दुखतंय?" आफ्केनं विचारलं.

"तुम्ही हरलात तेव्हापासून," चिब्बे डोळे बारीक करून म्हणाला.

"मी काय हरले?"

"काठीवर चढलाच नाहीत कधी, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"आजोबा, मी शिडीवर चढले तरी मला गरगरतं. तुम्ही बसा. डॉक्टर येतच आहेत."

डॉक्टर खरोखरच आले. परत आला तेव्हा चिब्बेकडे पुरावा नव्हता आणि एक दाढही नव्हती.

दुसरा सिद्धांत सुजलेल्या तोंडानंच मांडला गेला. "हे शेजारच्या हॉलंड प्रांतवाल्यांचं काम. त्यांच्याकडेही बांबूउडी आहे. त्यांना आपली विजेती बघवत नाही. फोटो मुद्दाम धूसर केलाय. हॉलंडमध्ये धुकं जास्त."

"आपल्याकडे काय कमी आहे?"

"आपलं धुकं प्रामाणिक असतं."

हिंकेनं त्याच्यासमोर पातळ सूप ठेवलं आणि वाद मिटवला.

त्याच आठवड्यात खुद्द रेन्स्के दारात उभी राहिली. आता ती मध्यमवयीन, रुंद खांद्यांची बाई होती, क्लबातल्या पोरांना उडी शिकवत होती. हिंकेनं कॉफी ओतली, बिस्किटांचा डबा पुढे केला, रेन्स्केनं एक घेतलं आणि झाकण नेहमीप्रमाणे लागलं.

"काका, तो लेखच काढून टाका," रेन्स्के म्हणाली. "पोरांनी तो फोटो छापून कपडे बदलायच्या खोलीत लावलाय. उद्घाटनाला अख्खं गाव येणार. मुखपृष्ठावर मी अशी तंगड्या वर करून दिसले, तर मी येणार नाही. मैदानाला दुसऱ्या कुणाचं नाव द्या."

"हसणाऱ्याचे दात दिसतात," चिब्बे म्हणाला आणि नकळत आपल्या दाढेची जागा चाचपू लागला.

"हसण्याचं जाऊ द्या हो. मी पडले, लोक हसले, चालायचंच. पण कुणीतरी रोज उठून, वेळ काढून तो फोटो लावतंय. एवढा राग माझ्यावर कुणाचा आहे? मी कुणाचं काय वाईट केलंय? झोप येत नाही मला. मला फक्त ते नाव सांगा."

कुठलाही शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. चिब्बे उठून उभा राहिला.

"नाव मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "फोटोचा फायदा कुणाला? चर्चा कुणाची? पोरांच्या खोलीत चित्र कुणाचं? रेन्स्के आल्ग्रा, तो फोटो तुम्हीच लावता!"

मग हिंकेनं बिस्किटांचा डबा दुसऱ्यांदा उघडला आणि रेन्स्केपुढे धरला. त्या घरात एका कॉफीला दोन बिस्किटं देण्याची ही पहिलीच वेळ होती. यावरून नवऱ्याबद्दल तिला काय वाटत होतं ते समजून घ्यावं.

"त्याचं मनावर घेऊ नकोस गं," ती म्हणाली. "तो पुलावरचा माणूस आहे. मला दाखव बघू तो फोटो. या घरात मी सोडून सगळ्यांनी बघितलाय."

चिब्बेनं खिशातून पुराव्याचा कागद काढला. त्यानं फोटोतल्या पायांचा भाग तेवढा मोठा करून छापला होता. टाचांवरून स्वभाव ओळखण्याचं काम अर्धवट राहिलं होतं. हिंकेनं तो कागद बाजूला सारला आणि रेन्स्केचा मोबाईल हातात घेतला. चष्मा लावला. एकदाच बघितलं.

"हा गाईचा फोटो आहे," ती म्हणाली.

"कसला?" चिब्बे म्हणाला.

"गाईचा. ही काय, मधोमध उभी आहे. कसली ठळक आलीय, पापण्या मोजून घ्या. कास बघ कशी, पाठ बघ, पाटासारखी. ही पोरगी कडेला चुकून आलीय, म्हणून धूसर."

चिब्बेनं वाकून पाहिलं. खरंच, अलीकडच्या काठावर, फोटोचा निम्मा भाग व्यापून, एक काळीपांढरी गाय उभी होती. इतके दिवस तो तिच्या आजूबाजूला भिंग फिरवत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. आमच्याकडे गावात वाढलेल्या माणसाला फोटोत आधी गाय दिसते, मग माणसं. पण चिब्बेच्या पुलाखालून कधी गाय गेली नव्हती.

"मी यात गाय कधी बघितलीच नाही," रेन्स्के पुटपुटली. "मला मीच दिसायचे." तिनं मोबाईल जवळ ओढला. "कपाळावर किटलीसारखा डाग... अहो, ही आमची आफ्के!"

"आफ्के?" चिब्बे किंचाळला.

"बाबांची गाय. आईचं नाव लेकीला, पुढे नुसता आकडा बदलायचा. ही एक्केचाळिसावी."

"चिब्बे," हिंके म्हणाली, "तुझी आरोपी बाई एक्केचाळीसचीच होती ना? फेऱ्या मारत तूच जाहीर केलंस."

"मी नेमक्या याच निष्कर्षाकडे सरकत होतो."

"डोक्कमवरून? त्या बिचारीला फुलं पाठव."

रेन्स्केला मात्र हसू आलं नाही. ती रिकाम्या कपाकडे बघत बसली. "म्हणजे बाबा," ती म्हणाली. "मी गोठा सांभाळायला नाही म्हटलं आणि त्यांना गाई विकाव्या लागल्या. तेव्हापासून आम्ही हवापाण्यापलीकडे बोलत नाही. राग आहे हे माहीत होतं. पण इतका?"

तिघंही सायकलींवर निघाली. वारा समोरून होता, तो आमच्याकडे जाताना आणि येताना दोन्हीकडे समोरूनच असतो. वोप्के आल्ग्रा रिकाम्या गोठ्याशेजारच्या घरात टेबलाशी बसला होता, आणि पुढ्यात संगणक उघडा होता. गावच्या वाचनालयात म्हाताऱ्यांना तो चालवायला शिकवतात. पडद्यावर रेन्स्के नुकतीच पुन्हा पाण्यात पडली होती.

"रंगेहाथ!" चिब्बे ओरडला.

"कॉफी घेणार?" वोप्केनं विचारलं.

"बाबा, हा फोटो तुम्ही लावता?" रेन्स्केनं दारातूनच विचारलं.

"लावतो की. कुणीतरी गाढव रोज काढून टाकतं."

गाढवानं खाकरून इकडेतिकडे पाहिलं.

"पण हाच का? माझे चांगले फोटो पेपरात ढीगभर आलेत!"

"ते पेपरवाल्यांनी काढलेत. इथे विचारतात, फोटो तुम्ही स्वतः काढलाय का? खोटं कशाला सांगू?" वोप्केनं खांदे उडवले. "मी एकच काढलाय. तुमच्या स्पर्धा सगळ्या धारांच्या वेळी. यायचं कसं? त्या दिवशी प्रदर्शनासाठी आफ्केचा फोटो काढायला शेजाऱ्याचा कॅमेरा आणला होता, तर ही बया कुंपण मोडून थेट तुमच्या कालव्यावर. मी मागे पळतोय. गाठली, म्हटलं आता इथेच काढू. आणि बटण दाबलं तेव्हा पलीकडे तू."

"पडत होते मी, बाबा!"

"हो. मग वर आलीस, काठी पुसलीस आणि पुन्हा उडी मारलीस. ती पोचली वाळूत. त्या उडीचा फोटो काढायचा होता, पण गाय ओढत होती."

"तुम्ही थांबला होतात?"

"धारेला उशीर झाला त्या दिवशी," वोप्के म्हणाला. त्याच्या तोंडून हा जवळजवळ कबुलीजबाब होता.

रेन्स्के खुर्चीवर बसली. मग हळूच म्हणाली, "आणि ते 'वाईट नाही'? ते आफ्केबद्दल लिहिलंत ना?"

वोप्के चिडला. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? आफ्केला 'वाईट नाही' म्हणेन मी? ती जिल्ह्यात पहिली आली होती, सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याबद्दल लिहायचंच काय?"

हिंकेनं खिडकीबाहेर बघत डोळे टिपले. रेन्स्केनं टिपले नाहीत, अश्रू सरळ गालांवरून वाहू दिले. चिब्बेला काहीतरी समारोपाचं बोलायचं होतं, पण हिंकेचा पाय त्याच्या पायावर होता.

"फोटो राहू द्या, काका," रेन्स्के म्हणाली.

"मुखपृष्ठावर? तंगड्या वर?"

"राहू द्या म्हटलं ना."

उद्घाटनाच्या दिवशी लेख झळकला. खाली चिब्बेच्या कडक निःपक्षपाती भाषेत ओळ होती: 'आफ्के ४१ (मध्यभागी) आणि रेन्स्के आल्ग्रा (डावीकडे, तात्पुरती).' चिब्बेनं आपल्या पानावर 'जनावरांच्या प्रकरणांचा विशेष अनुभव' अशी भर घातली आणि ती कुणी काढून टाकतं का यावर पाळत ठेवून बसला.

लेखाखाली वाचकांना प्रश्न विचारता येतात. आले ते सगळे गाईबद्दल. दूध किती द्यायची, आई कोण, वासरं कुणाकडे गेली. बांबूउडीबद्दल एकानंही चौकशी केली नाही. वोप्के आल्ग्रानं दोन बोटांनी टाइप करत प्रत्येकाला सविस्तर उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी, कुणीही विचारलेलं नसताना, एकच वाक्य लिहिलं: 'डावीकडे पाण्यात पडतेय ती माझी मुलगी.'