श्रद्धांजली नेमकी कुणाला?

शनिवारी संध्याकाळी पोपटराव खरातांनी बॅनरवाल्या विपुलला फोन लावला तेव्हा रडून त्यांचा आवाज बसला होता. पोपटराव म्हणजे हरितपर्ण पक्षाचे जुईनगरचे अध्यक्ष. पक्षात ते, त्यांची बायको क्रांती आणि बायकोच्या धाकाने आलेले दोन भाचे. मागच्या निवडणुकीत त्यांच्यापेक्षा 'नोटा'ला जास्त मतं पडली होती. हिरवा पक्ष आणि नाव पोपट, त्यामुळे लोकांना वाटे नाव पक्षासाठी घेतलंय. ते आईने ठेवलं होतं.

सोसायटीसमोरचा गुलमोहर पार्किंगसाठी तोडला गेला होता. शेजारच्या शिरीषाची पाळी सोमवारी होती. निदान तो वाचावा म्हणून पोपटरावांनी मेलेल्या गुलमोहरासाठी बॅनर लावायचं ठरवलं.

"लिही. भावपूर्ण श्रद्धांजली. ज्याच्या सावलीत पोरं वाढली, ज्याच्या फांद्यांवर पाखरं नांदली, तो आपल्यातून गेला. शोकाकुल, हरितपर्ण पक्ष. आणि कापडावर छाप, प्लॅस्टिक नको."

"आणि फोटो?"

"आहे ना तुझ्याकडे," पोपटराव म्हणाले. झाडाचा फोटो त्यांनी दुपारीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. विपुलने मात्र तो उघडला नव्हता. त्याच्याकडे वर्षानुवर्षं एकच फोटो होता, हात जोडलेल्या पोपटरावांचा.

"मस्त मोठा टाकतो. टेन्शन नका घेऊ," विपुल म्हणाला. त्याला वाटलं साहेबच गेले आणि त्यांच्या फोनवरून भाचा बोलतोय, रडून आवाज बसलाय बिचाऱ्याचा.

रविवारी पोपटरावांच्या घरी दुपारपर्यंत वीज, गॅस आणि मोबाइल बंद असे. पक्षाच्या जाहीरनाम्यातलं हे एकच कलम आजवर अमलात आलं होतं. त्यामुळे सकाळी चौकात बॅनर झळकलं आणि अख्खं जुईनगर त्यांना फोन लावत बसलं, तरी पोपटराव काकडी खात निवांत होते.

दारावर थाप पडली. शेजारच्या मालतीबाई पांढऱ्या साडीत, हातात झाकलेलं ताट घेऊन उभ्या होत्या.

"पिठलं-भाकरी आणलीय. तुमच्याकडे आज काय पेटणार नाय, मला म्हाईत हाय."

"कित्ती बरं केलंत," क्रांती खुलली. "दर रविवारी आणत जा ना."

मालतीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. पोरीला धक्का बसलाय, असं पुटपुटत त्या डोळे पुसत खाली गेल्या. आत पोपटरावांनी भाकरी मोडली आणि पिठल्याला हिरवी मिरची हवी होती असं मत दिलं.

तेवढ्यात खालून माइकचा आवाज आला. पोपटराव गॅलरीतल्या कुंड्यांच्या आडून डोकावले. शिरीषाखाली ही गर्दी, सगळी पांढऱ्या कपड्यांत, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि मधोमध माजी नगरसेवक धर्मराजशेठ. गुलमोहर तोडवला होता तो यांनीच. त्यांच्या मागे हात जोडलेले भव्य पोपटराव.

"क्रांती, आपण मेलो की काय?"

"तुम्ही मेलात. मी मागे राहिलेय," क्रांती बॅनर वाचत म्हणाली आणि तोंडात पदर कोंबून हसायला लागली.

पोपटराव दाराकडे धावले. तिने त्यांचा सदरा धरला. "अहो, थांबा. शेठ झाडाबद्दल बोलतायत."

"ह्यो मानूस झाडासाठी जगला," धर्मराजशेठ सांगत होते. निवडणूक जवळ आली होती आणि आवाज मनापासून गहिवरला होता. "मी गेलेल्याला शब्द देतो. ह्या शिरीषाला कोनी हात लावनार नाय. इथं कट्टा बांधू, पोपटरावांच्या नावाचा."

टाळ्या पडल्या. लोक खरंच रडत होते. पोपटरावांचेही डोळे भरले. इतकी माणसं त्यांच्या एकाही सभेला आली नव्हती.

"दुपारपर्यंत मेलेले राहा. झाड वाचेल," क्रांती म्हणाली.

"राहतो की," पोपटराव म्हणाले, आणि राहिलेही असते.

"मंडळी, आतली गोष्ट सांगतो," खाली धर्मराजशेठ म्हणाले. "पोपटराव ह्या महिन्यात आमच्या पक्षात येनार व्हते."

"खोटं!" पोपटराव कुंड्यांमधून ताडकन उभे राहिले. हातात भाकरी होती. "मेलो तरी येणार नाय!"

मालतीबाई मटकन खाली बसल्या. मग कुणीतरी म्हणालं, "च्यायला, पोपट झाला," आणि सगळा चौक खो खो हसू लागला. धर्मराजशेठ तेवढे हसले नाहीत.

"शब्द मेलेल्याला दिला व्हता," ते माइकवर म्हणाले. "मानूस जिता हाय. शब्द रद्द."

पोपटरावांचं तोंड उतरलं. एका वाक्यासाठी त्यांनी झाड घालवलं होतं. एव्हाना क्रांती खाली पोचली होती. तिने माइक मागितला आणि बॅनरकडे बोट केलं.

"शेठ, नीट वाचा. ज्याच्या फांद्यांवर पाखरं नांदली. आमच्या ह्यांना फांद्या कधी होत्या? श्रद्धांजली गुलमोहराला आहे. शब्द गेलेल्याला दिलात ना? तो काय परत येत नाय."

आता टाळ्या थांबेनात. डझनभर मोबाइल शेठच्या तोंडावर रोखलेले होते. शेठनी घाम पुसला, हात जोडले आणि शब्द कायम असल्याचं जाहीर केलं.

सोमवारी शिरीष उभा होता. पुढे कट्टाही झाला. संध्याकाळी लोक त्यावर बसून पोपटरावांच्या तोंडावर म्हणू लागले की उमेदवार पाहिजे तर क्रांतीताई. पोपटराव दोन दिवस तोंड पाडून बसले आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तिच्या बॅनरसाठी विपुलला फोन लावला.

"साहेब, ताईंचा फोटो मोठा टाकतो," विपुल चाचरत म्हणाला. "तुमचा पण टाकू का? म्हणजे, वरती प्रेरणास्थानांच्या रांगेत एक जागा आहे. पण तिथे सगळे गेलेले आहेत."

पोपटरावांना ती रविवारची गर्दी आठवली.

"टाक," ते म्हणाले. "माझं काम तिथूनच चांगलं होतं."