आप्पांच्या यादीतली सुरत

गाडी गावात थांबली तरी रघुनाथआप्पा उतरत नाहीत. आम्ही चष्म्यांचे खोके, अक्षरांचा तक्ता, सतरंज्या सगळं उतरवून घेतो, तरी आप्पा मागच्या सीटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेलेच.

"आप्पा, चला. लोक कधीचे थांबलेत."

"थांबा ताई. गाव बदलनं, पत्ता बदलनं. पहिले याले सांगू द्या, आपन कोठे उनूत."

मी नंदुरबारच्या एका धर्मादाय नेत्रालयात डोळे तपासते. गावोगावच्या शिबिरांत माणसांची नोंदणी करायचं काम आप्पांचं. नोंद त्याच दिवशी नेटवरून गेली तरच मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मिळते. आणि नेट तर प्रत्येक गावाचं वेगळं. कोरीटच्या शाळेत लॅपटॉपचा आकड्यांचा पत्ता हाताने भरावा लागतो. लोणखेड्याच्या कॉलेजात प्रॉक्सी, म्हणजे त्यांच्या मधल्या सर्व्हरचं नाव, टाकल्याशिवाय पान उघडत नाही. रनाळ्याला ग्रामपंचायतीचं वायफाय. आप्पांनी प्रत्येक गावाच्या नावाने सगळी सेटिंग साठवून ठेवली आहे. नाव निवडलं की लॅपटॉप त्या गावचा होतो.

कोरीटच्या संगणक शिक्षकांनी एकदा सुचवलं, "आप्पा, ऑटोमॅटिकवर ठेवा. आपोआप घेईल."

"गुरुजी, आपोआप फक्त केस पिकतस," आप्पा म्हणाले आणि आकडे भरत राहिले.

त्या दिवशी मात्र आकडा चुकला. आप्पांनी भरलेला पत्ता नेमका मुख्याध्यापकांच्या संगणकाचा निघाला आणि त्यांचं नेट बंद पडलं. ते तणतणत आले. आप्पांनी त्यांना शेजारी बसवलं, चहा मागवला आणि समजावलं, "सर, एकच पत्तावर दोन जन ऱ्हायनात, ते टपालवाला काय करी? तुम्ही जुना रहिवासी. मीच घर बदलस." मुख्याध्यापक चहा पिऊन, डोळे तपासून गेले. त्यांनाही नंबर निघाला.

धडगावकडच्या एका पाड्यावर तर रेंजच नव्हती. आप्पांनी तरी यादीत त्या पाड्याचं नाव घातलं, त्या नावापुढे नेटचं सगळं बंद केलं आणि संध्याकाळी भरायला कागदावर नोंदी घेतल्या. मी हसले तर म्हणाले, "आठे, या पाडावर, काहीच नही, हाई बी याले माहीत पाहिजे. नही ते बिचारा दिवसभर धुंडत ऱ्हास."

महिन्याच्या शेवटी ते यादी साफ करतात. जिथे पुन्हा जायचं नाही ते गाव काढून टाकतात. त्यात फार कडक.

गेल्या हिवाळ्यात रनाळ्याच्या शिबिराला आप्पा तापाने झोपले. लॅपटॉप माझ्याकडे आला. ऐंशीएक माणसं ओट्यावर बसलेली, आणि नेट लागेना. मी फोन लावला.

"यादी उघडा," आप्पा खोकत म्हणाले. "काय काय दिसस, वाचा."

"कोरीट, लोणखेडा, सुरत…" मी थांबले. "आप्पा, सुरतला आपण शिबिर कधी घेतलं?"

आप्पांनी खोकत खोकतच घाई केली.

"त्याले हात लावू नका ताई. त्यान्हा खाले रनाळे शे. ते दाबा."

रनाळे दाबलं, नेट लागलं, सगळ्यांच्या नोंदी झाल्या. मी तो विषय काढला नाही. पुढच्या शिबिराहून परतताना आप्पांनीच काढला.

त्यांची एकुलती एक मुलगी संगीता सुरतेला नोकरीला गेली आणि तिथल्याच नीलेश नावाच्या मुलाशी तिने लग्न ठरवलं. आप्पा लग्नाला गेले नाहीत. त्यांची बायको, आमच्या काकू, आपल्या भावाला घेऊन जाऊन आल्या. पुढे चार वर्षं मुलगी आईशी फोनवर बोलायची, आणि फोन वाजला की आप्पा अंगणात जायचे. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या.

"लोके बसाले येत," आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माले कोनसंगे बोलानं नव्हतं. मी लॅपटॉप लिसन बसू. पोरगी उनी, घरमा रडनी, मी वर दखं नही. जावई मन्हा बाजूले येईसन बसना. म्हना, आप्पा, जरा देतस का? मी दिधा. त्यानी त्यासना घरनं वायफाय टाकं, नाव लिखं सुरत, नि परत दिधा. म्हना, कवय बी घर उनात ते नेट लागी जाई."

"मग?"

"मंग काय. यादीमा शे."

दोन वर्षं, दर महिन्याला यादी साफ करताना आप्पांचा हात त्या नावावरून पुढे सरकत होता. नंदुरबारहून सुरत गाडीने काही तासांवर, एवढंच मी म्हणाले.

"माले माहीत शे," ते म्हणाले.

होळीनंतर आप्पांनी दोन दिवसांची रजा मागितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. सोमवारी आले, ते नेहमीसारखे गाडीत मागे बसले. मी धीर करून विचारलं, "लागलं का सुरतचं नेट?"

"नही लागनं. पासवर्ड बदलेल व्हता."

"मग?"

"जावई कामवर जायेल. घरमा पोरगी नि मी. दोन्ही गुपचूप. मी लॅपटॉप उघाडा, ते लागे ना. मंग इचारनं पडनं."

"काय विचारलंत?"

"पासवर्ड काय शे, म्हनं."

सहा वर्षांनी बाप मुलीशी जे पहिलं वाक्य बोलला ते हे. मला हसू आवरेना. आप्पाही कसंनुसं हसले.

"ती काय म्हणाली?"

"म्हनी, पहिले पानी पी ल्या आप्पा, मंग सांगस." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि तो हातातच धरून बसले. "पानी पिधं. मंग ती मायन्या गोष्टी सांगाले लागनी. पासवर्ड इचारानं ऱ्हाईच गयं."