सदर महिला असामान्य आहे काय?

त्या शनिवारी मी एक छोटासाच निर्णय घेतला. गॅसचं पुस्तक सुमित्राला न विचारता, स्वतः शोधायचं. चौदा वर्षांच्या संसारात मी घरातली कुठलीही वस्तू न विचारता शोधलेली नाही. (बनियनसुद्धा हाक मारल्यावरच सापडतो.) पण आदल्या दिवशी ऑफिसात श्यामला, म्हणजे माझ्या हाताखालच्या असिस्टंटला, मी स्वावलंबनावर अर्धा तास सुनावलं होतं. त्याचा परिणाम श्यामवर काहीच झाला नाही, माझ्यावर झाला.

गॅसचं पुस्तक काही सापडलं नाही. सुमित्राच्या कपाटात, साड्यांच्या खाली, एक खाकी फाइल सापडली.

इथे मी कोण ते सांगायला हवं. मी दत्तात्रय निमकर, दिल्लीतल्या एका मंत्रालयात व्हिजिलन्स सेक्शनचा सेक्शन ऑफिसर. लोकांवर संशय घेण्याबद्दल सरकार मला दरमहा पगार देतं आणि मी ते काम घरीही करतो, ओव्हरटाइम न घेता. दिल्लीच्या द्वारकेत आमची सोसायटी उभी राहिली तेव्हा मी लिफ्टवाल्यावर संशय घेतला. मेट्रो आली तेव्हा ती इतकी वेळेवर कशी येते, याचा मला संशय आला. बायकोवर मात्र कधी घेतला नव्हता. संशय घ्यावा असं तिच्यात काही आहे, हेच मला कधी वाटलं नव्हतं.

फाइलीत तीन पत्रं होती.

पहिलं असं: "श्रीमती सुमित्रा यांना मी गेली अकरा वर्षं रोज पहाटे पाहत आलो आहे. त्यांच्यासारखी स्त्री देशात दुसरी नाही." खाली सही, सुभेदार (निवृत्त) शंभू जगदाळे. मी पलंगावर बसलो. रोज पहाटे म्हणजे मी घोरत असताना.

दुसरं होतं सूर्यकांत भडभडे नावाच्या, क्रीडाखात्यातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचं. "त्यांच्या शरीराची लवचिकता पाहून मी थक्क झालो." मी पलंगावर आडवा झालो.

तिसरं प्रभावतीबाईंचं. या बाई पूर्वी पहाडगंजात मराठी शिकवायच्या आणि सुमित्राला मुलगी मानतात. "ही हवेत असते तेव्हा तिला जमिनीची आठवणही येत नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. पत्र एका बाईचं आहे म्हणून मला क्षणभर बरं वाटलं. मग आठवलं की प्रत्येक कटात एक बाई असतेच.

आणि खरी मेख पुढेच होती. तिन्ही पत्रांच्या शेवटी एकच वाक्य होतं, स्वल्पविरामासकट: "अशी असामान्य क्षमतेची व्यक्ती लाभणे, हे अमेरिकेचे भाग्य ठरेल." तीन माणसं, तीन पत्ते आणि एकच वाक्य. व्हिजिलन्सच्या माणसाला एवढं पुरतं. म्हणजे कोणीतरी एक डोकं मागे बसून माझी बायको अमेरिकेला पाठवत होतं.

तिलाच विचारलं असतं तर ही गोष्ट इथे संपली असती. पण आमच्या खात्यात ज्याच्यावर संशय असतो त्याला सगळ्यात शेवटी विचारतात. मी पाळत सुरू केली. सुमित्रा पहाटे पाचला बाहेर पडते आणि साडेसातला परत येते, हे माझ्या लक्षात आलं. (ती हे अकरा वर्षं करत होती. 'कॅन्टोन्मेंटमधल्या जवानांच्या मुलांचा काहीतरी व्यायाम घेते', एवढी माझी माहिती होती.) ती भात कमी खात होती. आणि एका संध्याकाळी ती फोनवर म्हणाली, "बिल्कुल, पंधरा तारखेपर्यंत सगळे पेपर्स देते."

"कोणाचा फोन?" मी पेपरमागून विचारलं.

"वकिलाचा."

"वकील कशाला?"

"दिवाळीत सांगितलं होतं ना सगळं? तुम्ही 'हं' म्हणालात."

मी दिवसाला सरासरी चाळीस वेळा 'हं' म्हणतो. त्यातला हा कुठला, ते आठवेना. 'मी ऐकत नव्हतो' असं कबूल करणं माझ्या हुद्द्याला शोभलं नसतं, म्हणून मी पुन्हा एकदा "हं" म्हणालो. पण रात्रभर डोक्यात दोनच शब्द फिरत होते. वकील आणि अमेरिका.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी ऑफिसात मी एक प्रश्नावली टाइप केली. विषय: एका महिलेच्या कथित असामान्य क्षमतेबाबत. एक, सदर महिला आपल्या परिचयाची आहे काय? दोन, सदर महिला खरोखर असामान्य आहे काय? तीन, असल्यास ही बाब आपण स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे काय व प्रमाण जोडाल काय? चार, सोबतचे प्रशस्तिपत्र आपण कोणाच्या दबावाखाली लिहिले? खाली 'सेक्शन ऑफिसर, व्हिजिलन्स' आणि कुणालाही वाचता येणार नाही अशी माझी सही. उत्तरासाठी पत्ता ऑफिसचा. तिघांना तीन प्रती रवाना झाल्या.

माझी एक चूक झाली. सरकारी ऑफिसात डाकेतून जे येतं त्याला नंबर पडतो. चार दिवसांनी दोन उत्तरं आली, श्यामने ती फोडली, रजिस्टरला चढवली आणि नवीन फाइल उघडून माझ्यासमोर ठेवली.

"सर, ये असामान्य महिला कौन है?"

"कॉन्फिडेन्शियल मॅटर है," मी म्हणालो. श्यामने आदराने फाइलवर लाल पट्टी चिकटवली.

प्रभावतीबाईंनी उत्तर दिलंच नव्हतं. त्यांनी माझी प्रश्नावली लाल शाईने तपासून परत केली होती. शुद्धलेखनाच्या नऊ चुका, दहापैकी तीन गुण आणि शेरा, 'पुन्हा लिहून आणणे'. भडभडेसाहेबांचं उत्तर मात्र सविस्तर होतं. अशा कुठल्याही महिलेला आपण ओळखत नाही, आपलं पत्र आपण मागे घेत आहोत, आणि चौऱ्याण्णव सालच्या ट्रॅकसूट खरेदीच्या कमिटीवर आपण नव्हतो. (ट्रॅकसूटबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं.)

मी खुशीत घरी आलो. कट फुटायला लागला होता. सुमित्रा जेवणाच्या टेबलाशी बसली होती, आणि तिच्या हातात माझ्या प्रश्नावलीची झेरॉक्स होती. सुभेदारांनी ती स्वतः आणून दिली होती. तिचे डोळे लाल होते. चौदा वर्षांत मी तिला कांदा चिरतानाच तसं पाहिलं होतं.

"कोणीतरी माझी चौकशी लावलीय," ती म्हणाली. "भडभडेसर घाबरले. पत्र मागे घेतलं त्यांनी. वकिलाने तीन पत्रं मागितलीत, आणि पंधरा तारखेला सहा दिवस राहिलेत."

मग तिने दिवाळीत सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं, आणि या वेळी मी ऐकलं. ती मुलांना दोरीचा मल्लखांब शिकवत होती. न्यू जर्सीतल्या एका जिम्नॅस्टिक्स अकादमीने तिच्या मुलांची स्पर्धा पाहिली आणि तिला दोन वर्षांसाठी कोच म्हणून बोलावलं. अमेरिका असा व्हिसा फक्त असामान्य क्षमतेच्या कलाकारांना, खेळाडूंना वगैरे देते, आणि ती क्षमता कागदावर सिद्ध करावी लागते. पत्रांतलं ते शेवटचं वाक्य वकिलाच्या नमुन्यातलं होतं.

"पंधरा तारीख चुकली तर ते दुसरा कोच घेणार. मी एक्केचाळीसची आहे. दोरी वय विचारत नाही हो, पण गुडघे विचारायला लागलेत." तिने डोळे पुसले. "हे पत्र तुमच्याच ऑफिसातून आलंय. कोणी लिहिलं ते तुम्ही शोधून काढा."

माझ्या नोकरीत मला अनेक अवघड चौकश्या मिळाल्या, पण गुन्हेगार इतका जवळ कधीच नव्हता. मी म्हणालो, दोन दिवस दे. दोन दिवस मी गंभीर चेहऱ्याने घरात फिरलो, एकदा गच्चीत जाऊन मोबाइल कानाला लावून कोणाशीच बोललो नाही, आणि तिसऱ्या दिवशी अहवाल सादर केला.

"श्याम असावा," मी म्हणालो. (हे लिहिताना मला लाज वाटते. म्हणतानाही वाटली होती, पण कमी.)

"श्याम?" ती म्हणाली. "अच्छा. उद्या पहाटे माझ्याबरोबर चला. सुभेदारांना काही विचारायचंय तुम्हाला."

कॅन्टोन्मेंटच्या गेटवर सुमित्राला जवानाने सलाम केला आणि मला अडवलं.

"आप मैडम के कौन?"

"हजबंड."

त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मैडम, ये सही बोल रहे हैं?"

सुमित्राने उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ घेतला, असं मला वाटलं.

क्वार्टर्सच्या मागे लोखंडी कमानीला एक जाड सुती दोरी लटकत होती. पंचवीस-तीस मुलं रांगेत उभी होती. सुभेदार जगदाळे सत्तरीचे, ताठ, हातात जाडजूड रजिस्टर. त्यांनी मला नमस्कार केला आणि काहीच विचारलं नाही. सुमित्राने ओढणी कमरेला खोचली, दोरीला हात लावून कपाळाला नेला, आणि वर गेली.

चढली असं म्हणवत नाही. मी मान वर करेपर्यंत ती वर होती. मग तिने पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरली, हात सोडले आणि हवेत पद्मासन घालून बसली. आमच्या घरी डबा काढायला माळ्यावर चढायचं तर ती मला स्टूल धरायला लावते. ती त्या दोरीवर आडवी झाली, उलटी झाली, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, जो मी चौदा वर्षांत घरात पाहिला नव्हता. मुलं श्वास रोखून बघत होती. मीही बघत होतो. ही बाई माझ्या घरात राहते आणि मी तिच्याकडे फक्त गॅसचं पुस्तक मागतो, हे मला फार वाईट वाटलं.

परतताना ऑटोत मी म्हणालो, "ते पत्र मी लिहिलं."

"माहितीये."

"कधीपासून?"

तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. माझीच, फ्रिजवर ठेवलेल्या याद्यांतली. 'विषय: दही व इतर वस्तूंबाबत. सदर दही आंबट नसल्याची खातरजमा करावी.'

"मग मला दोन दिवस चौकशी कशाला करायला लावलीस?"

"बघत होते, नाव कोणाचं घेता." ती बाहेर बघत म्हणाली. "बिचारा श्याम."



तारलं ते सुभेदारांनी. सरकारी पत्रात 'प्रमाण जोडाल काय' असं वाचल्यावर फौजी माणूस स्वस्थ कसा बसेल? त्यांनी अकरा वर्षांच्या रजिस्टरची झेरॉक्स जोडून चौदा पानी उत्तर तयार केलं होतं. कोणत्या तारखेला किती मुलं, कोण कुठल्या स्पर्धेत कितवा आला, मॅडम किती सेकंदांत वर गेल्या, सगळं त्यात होतं. प्रभावतीबाईंनी दोन रात्री बसून त्याचं इंग्रजी केलं. वकील म्हणाला, स्तुतीची पत्रं सगळेच आणतात, असलं रजिस्टर मी पहिल्यांदा पाहतोय, तिसऱ्या पत्राची गरजच नाही. कागद चौदा तारखेला गेले.

"एका अर्थी माझ्या प्रश्नावलीमुळेच," मी जेवताना म्हणून पाहिलं.

सुमित्रा "हं" म्हणाली.

व्हिसा आला. ती एप्रिलमध्ये गेली. विमानतळावर तिने पहिल्यांदाच मला विचारलं, "याल ना?" आणि मी मनापासून हो म्हणालो. असामान्य माणसाच्या सामान्य नवऱ्यालाही व्हिसा मिळतो. तिकडे नोकरी करता येत नाही, एवढंच. मला फक्त लांब रजा आणि व्हिजिलन्स क्लिअरन्स, म्हणजे माझ्यावर कुठली चौकशी नाही असा दाखला, हवा होता, आणि व्हिजिलन्स म्हणजे मीच. पण स्वतःचा क्लिअरन्स स्वतः देता येत नाही, म्हणून माझा अर्ज श्यामकडे गेला.

"सर," श्याम म्हणाला, "आपके घर के पते वाली एक महिला की फाइल पेंडिंग है. लाल पट्टी वाली. किसी भडभडे साहब की कंप्लेंट भी बाद में आई है उसमें."

"अरे, वो फाइल मेरी ही है."

"यही तो आपने सिखाया था, सर. जो बोले फाइल मेरी है, पहले उसी पर शक करो."

(श्यामला कोणी काही सांगितलं होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. सुमित्राने जाण्याआधी त्याला जेवायला बोलावलं होतं, एवढं खरं.)

श्यामने माझीच प्रश्नावली काढली, 'महिला'च्या जागी 'पुरुष' टाइप केलं आणि न्यू जर्सीला रवाना केली. तीन आठवड्यांनी मराठीत उत्तर आलं. श्यामला मराठी येत नसल्यामुळे त्याचा हिंदी तर्जुमा मलाच करावा लागला, आणि खाली 'अनुवाद अचूक आहे' अशी सहीही. ते उत्तर असं:

एक, सदर पुरुष परिचयाचा आहे काय? चौदा वर्षांपासून आहे. जानेवारीपासून थोडा अधिक.

दोन, सदर पुरुष खरोखर असामान्य आहे काय? पूर्ण खातरजमा केली. नाही.

तीन, प्रमाण? चौकशी अधिकाऱ्याने फ्रिजवरच्या याद्या पाहाव्यात.

चार, दबाव? कोणाचाही नाही. आठवण येते म्हणून लिहिते.

शेरा: सदर पुरुषापासून कोणालाही धोका नाही, सोडण्यास हरकत नसावी. येताना गॅसचं पुस्तक शेजारी देऊन यावे. तेही फ्रिजवरच, त्याच याद्यांखाली आहे.