फेझमध्ये न हरवण्याच्या एक्केचाळीस सूचना

कोणतंही शहर पाहण्यालायक ठरतं ते त्यातल्या इमारतींमुळे नव्हे, तर त्याबद्दल छापलेल्या सूचनांमुळे. सूचना नसतील तर पाहुणा नुसता हिंडतो, आणि नुसत्या हिंडणाऱ्या माणसाने शहराची शोभा होते. हे सत्य फेझच्या अतिथी मार्गदर्शन कार्यालयाने फार पूर्वीच ओळखलं होतं. कार्यालय नव्या शहरातल्या रुंद रस्त्यावर, तिसऱ्या मजल्यावर, जुन्या शहरापासून सुरक्षित अंतरावर होतं.

तिथले वरिष्ठ सूचना-लेखक सी (म्हणजे श्रीयुत) अब्देलवाहेद गेसूस सतरा वर्षं ‘जुन्या फेझमध्ये येणाऱ्या पाहुण्यांसाठी उपयुक्त सूचना’ ही पुस्तिका लिहीत आले होते. पहिल्या आवृत्तीत आठ सूचना होत्या, सहाव्या आवृत्तीत एक्केचाळीस. (पाहुण्यांच्या अडचणी तेवढ्याच राहिल्या, पण आता त्यांना क्रमांक मिळाले.) गेल्या वर्षी तीन हजार प्रती छापल्या. त्यातल्या चारशे गेल्या. उरलेल्या सव्वीसशे कार्यालयातच पडून राहिल्या, कारण पुस्तिका कुठे मिळते ही माहिती पुस्तिकेच्याच शेवटच्या पानावर होती.

सी अब्देलवाहेद जुन्या शहराला अपरिचित होते असं कुणी म्हणू नये. त्यांची सासू लल्ला रुकिया तिथेच राहायची, आणि एकोणीस वर्षं दर शुक्रवारी ते कुसकुस खायला तिच्याकडे जात. बायको घिता पुढे चालायची, हे मागून. वाट त्यांना तोंडपाठ होती. ती तपकिरी रंगाची होती, तिला पाठीवर टोपी शिवलेली होती आणि ती झगा म्हणून घिताच्या अंगात असायची.

मग राजधानी राबातहून बदलून नव्या संचालिका आल्या, मदाम झनीबर. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “यातली एखादी सूचना कुणी पाळून पाहिली आहे का?”

हा प्रश्न खात्याला नवीन होता, त्यासाठी छापील फॉर्मसुद्धा नव्हता.

“लेखकाने स्वतः पाहुणा म्हणून जायचं,” बाई म्हणाल्या. “एकट्याने, पायी. प्रत्येक सूचनेपुढे ‘पडताळली’ लिहून सही करायची. मंगळवारपर्यंत अहवाल नाही आला, तर पुस्तिका बंद आणि सी गेसूस, तुमची बदली तळघरात. जुन्या कागदपत्रांत.”

सी अब्देलवाहेदना तळघराची भीती नव्हती. भीती ‘एकट्याने’ या शब्दाची होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती.

सकाळी निघताना घिताने विचारलं, “डोक्यावर काय हे?”

“टोपी. सूचना क्रमांक नऊ.”

“आणि गळ्यात?”

“पाण्याची बाटली. क्रमांक दहा.”

“जुन्या शहरात एकटा जाणार तू?”

“मी फेझचा आहे, घिता.”

घिता नुसती बघत राहिली. (लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी यालाच चर्चा म्हणतात.)

जुन्या शहराच्या तटातल्या बूजलूद नावाच्या निळ्या दरवाजातून सी अब्देलवाहेद आत शिरले. पांढरी टोपी, उघडी पुस्तिका, हातात पेन. लगेच एका चपलावाल्याने हाक दिली, “बोंजूर, मस्यू!”

सी अब्देलवाहेदनी अस्सल फेझी अरबीत सांगितलं, की आपण इथलेच आहोत.

चपलावाला हरखला. “वा! काय सुरेख बोलता हो! कुठे शिकलात?”

“इथेच जन्मलोय मी.”

“अजून दोनचार महिने राहा साहेब, उच्चारही सुधारतील.”

सूचना क्रमांक चार अशी होती : ‘रस्ता बंद आहे असं कुणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. ही फसवणुकीची ठरलेली रीत आहे. हसून पुढे जावं.’ एका वळणावर हनिया नावाची अंडीवाली टोपली घेऊन बसली होती. ती म्हणाली, “सीदी, तिकडे जाऊ नका. रस्ता बंद आहे.”

सी अब्देलवाहेद हसले.

“अहो, हसताय काय? भिंत पडलीय तिकडे.”

सी अब्देलवाहेद आणखी हसले आणि पुढे गेले. तीस पावलांवर भिंत खरोखर पडलेली होती आणि उरलेल्या भागाला लाकडी वासे आडवेतिडवे टेकवले होते. एका पाहुण्याला फसवायला ही माणसं किती मेहनत घेतात, याचं त्यांना कौतुक वाटलं. ते वाकून, वाशांखालून, गुडघ्यांवर पलीकडे गेले आणि त्यांनी टिपून ठेवलं : ‘क्रमांक चार, पडताळली.’

पलीकडची गल्ली अरुंद होती. समोरून ओल्या कातड्यांनी लादलेलं खेचर येत होतं आणि त्याचा मालक ओरडत होता, “बालाक! बालाक!” म्हणजे बाजूला व्हा. क्रमांक बावीस : ‘खेचर आल्यास भिंतीला टेकून उभं राहावं.’ ते टेकून उभे राहिले. गल्ली खेचराएवढीच असेल तर भिंत मुळात खेचराच्या वाट्याची असते, हे जागेअभावी पुस्तिकेत यायचं राहून गेलं होतं. खेचर शांतपणे निघून गेलं. जाताना कातडी सी अब्देलवाहेदना कॉलरपासून गुडघ्यापर्यंत पुसून गेली. ‘क्रमांक बावीस, अंशतः पडताळली.’

यानंतर ते हरवले. (अहवालात ‘मार्गाची सखोल पाहणी केली’ असा उल्लेख करायचं त्यांनी मनाशी ठरवलं.) क्रमांक अकरा म्हणे, हरवल्यास उताराने चालावं. उतार एका रंगाऱ्याच्या अंगणात जाऊन संपला. क्रमांक बारा म्हणे, खूण म्हणून एखादं कारंजं लक्षात ठेवावं. त्यांनी ठेवलं. ते त्यांना तीनदा भेटलं. ते एकच कारंजं होतं की तीन सख्खी भावंडं, हे ठरवायला पुस्तिकेत सोय नव्हती.

दुपारची बांग झाली. दुकानांच्या फळ्या पडायला लागल्या. सी अब्देलवाहेद एका बंद दाराच्या पायरीवर बसले. वरच्या गच्च्यांवर बायका काहीतरी बोलून हसत होत्या, कुठून तरी ताज्या पावाचा वास येत होता. याच तटाच्या आत त्यांचा जन्म झाला होता. ते पाच वर्षांचे असताना वडिलांनी नव्या शहरात बिऱ्हाड हलवलं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इथलं एकही दार त्यांच्या ओळखीचं नव्हतं. सतरा वर्षं आपण या गल्ल्यांविषयी, चारित्र्याचा संशय असलेल्या परक्या माणसाविषयी लिहावं तसं लिहीत आलो, हे मनात आलं. त्यांनी पाणी प्यायलं. (क्रमांक दहा, पडताळली.)

आता कुणाला तरी विचारणं भाग होतं. पण फेझच्या माणसाने फेझमध्ये वाट विचारायची? त्यापेक्षा तळघर बरं. मग त्यांना तोडगा सुचला. टोपी नाकापर्यंत ओढून त्यांनी पुढच्या वळणावर बसलेल्या बाईला परदेशी हेल काढून विचारलं, “पार्दों, मादाम… मी हरवला. मोठा दरवाजा… कुठे हाय?”

बाईने मान वर केली. ती हनिया होती. तीन तासांत ते फिरून जिथल्या तिथे आले होते.

हनियाने टोपीखाली वाकून पाहिलं. “अगं बाई! लल्ला रुकियाचा जावई ना तू?”

सी अब्देलवाहेदनी टोपी आणखी खाली ओढली.

“शुक्रवारी घिताच्या मागून जातोस ना? आज घिता कुठाय?”

“मी… फ्रान्स,” सी अब्देलवाहेद क्षीण आवाजात म्हणाले.

“असशील. चल.”

तिने टोपली शेजारणीकडे सरकवली आणि चालायला लागली. क्रमांक सहा सांगत होता, की अनोळखी व्यक्तीच्या मागे जाऊ नये. सी अब्देलवाहेद गेले. एका बाईच्या पाठीमागून चालायला लागल्याबरोबर त्यांचे पाय दिवसभरात पहिल्यांदाच न चुकता पडू लागले. चार वळणं, एक बोळ आणि दार. हनियाने कडी वाजवली.

“घे गं, तुझा जावई. फ्रान्सहून आलाय.”

लल्ला रुकियाला आधी वास आला, मग जावई दिसला. “जावईबापू, कातडी कमवायला लागलास की काय?” एवढंच बोलून तिने त्यांना मोरीवर पाठवलं, सासऱ्यांचा जुना झगा दिला आणि पुढ्यात वाडगा ठेवला. वालाच्या दाट पिठल्यासारखा गरम बिसारा, वर ऑलिव्हचं तेल आणि जिरं. हनियालाही तिने बसवून घेतलं.

“ती चोपडी कसली? वाच की जरा.”

सी अब्देलवाहेदनी हाती येईल ते पान उघडलं. “क्रमांक सतरा. घरी चहाला बोलावल्यास नम्रपणे नकार द्यावा. अशा आमंत्रणामागे हेतू असतो.”

“असतोच की,” लल्ला रुकिया म्हणाली. “चार घास पोटात जावेत हा. लिहिलंय कुणी हे?”

तोंडात पाव होता. “समितीने,” सी अब्देलवाहेद म्हणाले.

“घरदार नाही वाटतं बिचाऱ्यांना,” हनिया हळहळली.

सी अब्देलवाहेदनी पुस्तिका मिटून झग्याखाली सरकवली.

मंगळवारी त्यांनी अहवाल दिला. सतरा वर्षांत प्रथमच तो कुठूनही उतरवलेला नव्हता. त्यात लिहिलं होतं : ‘एक्केचाळीसही सूचना रद्द कराव्यात. एकच ठेवावी. वाट विचारावी.’ मग ते तळघरात जायच्या तयारीने टेबलाचा खण आवरू लागले.

पण मदाम झनीबरना अहवाल फार आवडला. त्यांनी तो समितीकडे पाठवला. समितीलाही आवडला, म्हणून तिने सहा बैठका घेतल्या. वाट कुणाला विचारावी? किती अंतरावरून? उभ्या माणसाला की बसलेल्या? तिसऱ्या बैठकीत सी अब्देलवाहेद उठून म्हणाले, “अहो, नुसतं विचारायचं. तोंडाने.” इतिवृत्तात ‘एका सदस्याची भिन्न मतनोंद’ झाली. सातव्या आवृत्तीत मुख्य सूचना एक आहे आणि उपसूचना सेहेचाळीस. (उपसूचना एकतीस : ‘रस्ता बंद असल्याचं अंडी विकणाऱ्या स्त्रीने सांगितल्यास विश्वास ठेवावा. इतरांबाबत निर्णय प्रलंबित.’) सी अब्देलवाहेदना मुख्य सूचना-लेखक केलं गेलं. त्यांनी नव्या आवृत्तीवर सही केली.

घरी त्यांनी काही सांगितलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, हनियाने सांगितलं होतं. शुक्रवारी निळ्या दरवाजापाशी घिता थांबली. “आज तू पुढे हो,” म्हणाली.

दुसऱ्याच वळणावर ते चुकले. घिता तशीच मागून चालत राहिली. अर्धी गल्ली कामं टाकून बघत होती. शेवटी सी अब्देलवाहेद वळले, हनियासमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत फेझी बोलीत म्हणाले, “हनिया, माझ्या सासूचं घर कुठे आहे?”

“अरेच्चा!” हनिया म्हणाली. “फ्रान्समध्ये आमची बोली शिकवतात की!”

गल्ली हसली. घिता सगळ्यांत जोरात हसली, मग ते स्वतःही हसले, आणि घर सापडलं.

तुम्हीही हसला असाल तर चांगलंच आहे. पण गेल्या महिन्यात तुमच्या गल्लीच्या तोंडाशी एका माणसाने तुम्हाला पत्ता विचारला होता. पत्ता तुम्हाला ठाऊक नव्हता. तरी तुम्ही हात लांब करून, जराही न अडखळता सांगितलंत, “सरळ जा, पुढे कुणालाही विचारा.” तो बिचारा अजून सरळ चालला आहे.