मास्तरांचं विलायती गवत

“संक्रांतीच्या आत हे मैदान हिरवंगार करून दाखवलं नाही, तर ड्रिलमास्तर म्हणून नाव सांगणार नाही!”

कृष्णकांत मास्तर शिक्षकांच्या खोलीत चहाची बशी उंचावून असं गरजले, आणि खोलीतल्या एकाही माणसानं मान वर केली नाही. मास्तरांच्या प्रतिज्ञा शाळेला नव्या नव्हत्या. मागल्या वर्षी त्यांनी अख्ख्या शाळेला पोहायला शिकवण्याची प्रतिज्ञा केली होती. शाळेत हौद नव्हता, एवढीच काय ती अडचण!

पण या वेळचं प्रकरण जिवावरचं होतं. आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. नागपुरात लकडगंजच्या मागच्या अंगाला तेव्हा नुसती मोकळीक होती. सायकलवर बसलेला माणूस लांबूनच ओळखू यायचा, आणि ओळखू आला की थांबून बोलायचाही. तिथली एक जमीन शाळेला नुकतीच मिळाली होती. जमीन म्हणजे मुरमाचा तापलेला तवा! पोरं त्यावर हॉकी खेळत आणि गुडघ्यांची सालपटं तिथंच ठेवून घरी जात. संस्थेचे सेक्रेटरी भैय्याजी यांना मात्र या तव्यावर आपली पोळी भाजायची होती. रस्त्याच्या अंगानं दुकानांचे गाळे काढायचे, मागे गोदाम. भैय्याजी देवळात गेले तरी सभामंडपात किती गाळे निघतील ते आधी पाहत आणि मग हात जोडत.

हेडमास्तर नानाजींनी रदबदली करून एवढीच सवलत मिळवली होती, की संक्रांतीला शिक्षण खात्याचे साहेब क्रीडामहोत्सवाला येतील, तोवर या जागेला मैदानाची कळा आली तर मैदान. नाही तर गाळे!

“अहो, पण थंडीत गवत उगवतं का कुठे?” नानाजींनी विचारलं. नानाजींना एरवी सगळ्याचीच भीती वाटे, पण ही शंका रास्त होती.

“सर, विलायतेत बर्फावर उगवतं!” मास्तर म्हणाले. मास्तर विलायतेला गेले नव्हते, पण वाचनालयात येणारं एक विलायती मासिक त्यांनी चित्रांसकट वाचलं होतं. “हायड्रोमल्च म्हणतात त्याला. कागदाचा लगदा, गवताचं बी, काहीतरी चिकट, थोडा हिरवा रंग आणि पाणी. सगळं ढवळायचं आणि पाइपानं जमिनीवर मारायचं. लगदा ओल धरून ठेवतो, बी उडत नाही, पाखरं खात नाहीत. बस्स!”

कागदाला शाळेत तोटा नव्हता. गेल्या कित्येक वर्षांच्या उत्तरपत्रिका माळ्यावर पडून होत्या. हिरवा रंग रंगाऱ्याकडून आला, हरळीचं बी मास्तरांनी कुठून कुठून जमवलं. राहता राहिला लगदा. तो मास्तरांनी, कुठलाही कर्ता पुरुष करतो तसा, बायकोवर सोपवला.

“चारुशीला, एवढे पेपर भिजवून कुटून दे. आणि त्यात काहीतरी चिकट घाल.”

“काहीतरी म्हणजे काय?”

“अगं, चिकट म्हणजे चिकट! तुम्हा बायकांना कळतं त्यातलं.”

मास्तरांचं हे वाक्य फार खरं होतं. चारुशीलाबाईंनी शेजारच्या रुखमाबाईला हाक मारली. रुखमाबाई कुहीकडची. तिचं अर्धं मन अजून धानाच्या बांधावरच असे. तिच्यामागून आळीतल्या साऱ्या बायका आल्या. अंगणात ड्रमच्या ड्रम पेपर भिजले, मुसळं पडू लागली. भूगोलातल्या नद्या आणि इतिहासातल्या लढाया एकत्र कुटल्या जाऊ लागल्या.

“मेथी टाकली का वं यात?” रुखमाबाईनं विचारलं.

“मेथी? हो, खरंच की!”

“मंग! मेथीबिगर लगदा कुठी असते का? माह्या सासूच्या हातचं टोपलं पाहा. कागदाचं हाये, पण मेथी घातली म्हणून अजून कीड नाही लागली त्याले, का उंदरानं तोंड नाही लावलं!”

त्या काळी घरोघरी अशी टोपली असत. कागदाच्या लगद्यात मेथी वाटून घालायची आणि तो टोपल्यावर थापायचा. लगदा चिवट होतो, कीड दूर राहते. यात कोणाला शंका नव्हती. शंका एवढीच, की इतकी मेथी वाटणार कोण?

“वाटाले काय लागते?” रुखमाबाई म्हणाली. “भिजू द्या रातभर. फुगली की चिकट होतेच.”

लकडगंजातून मेथीचं पोतं आलं आणि ड्रमांत रिकामं झालं. वर हिरवा रंग पडला. मास्तरांनी सकाळी काठीनं ढवळून पाहिलं. काठीला तार धरली होती. “वा!” मास्तर म्हणाले. “विलायतेत याच्यापेक्षा काय वेगळं असणार?”

रुखमाबाईच्या नवऱ्याची, रुपरावाची, संत्र्याची बाग होती. तिथला फवारणीचा पंप छकड्यावर चढून मैदानात आला. रुपरावानं ड्रममध्ये डोकावून पाहिलं.

“मास्तर, हे पंपाच्या घशात अडकन गा.”

“काही अडकत नाही. पुढची जाळी काढून टाक आणि मार जोरात!”

रुपरावानं दांडा मारला. पाइप फुगला. काही येईना. आणखी मारला. पाइप अजगरासारखा तट्ट झाला. नेमके त्याच वेळी भैय्याजी धुवट पांढऱ्या धोतरात टेप घेऊन गाळ्यांचं माप काढायला आले.

“काय तमाशा करून राहिले मास्तर?”

मास्तर उत्तर द्यायला वळले. त्यांच्याबरोबर हातातला पाइपही वळला, आणि आतली अडकलेली उत्तरपत्रिका सुटली! भैय्याजी डोक्यापासून वहाणांपर्यंत हिरवेगार झाले. मिशांतून लगदा लोंबू लागला.

“याचा हिशोब संक्रांतीला!” भैय्याजी ओरडले आणि टेप तिथंच टाकून गेले. वाटेत दोन गाई त्यांच्या मागे लागल्या, असं लोक सांगतात. पण लोक काहीही सांगतात.

मैदान मात्र शेवटपर्यंत माखून झालं. आणि काय आश्चर्य! आठवडाही गेला नसेल, मुरमाच्या तव्यावर कोवळी लव दिसू लागली. मग पानं आली. मास्तरांचे पाय जमिनीला लागेनात. सगळी आळी सकाळ-संध्याकाळ बघायला येई आणि मास्तर काठावर उभे राहून व्याख्यान देत.

“विलायती जात आहे! तीन-तीन पानं येतात.”

एक दिवस जेवताना मास्तरांनी दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. “काय चव आहे! कुठून आणली गं इतकी कोवळी मेथी?”

“तुमच्या विलायतेतून,” चारुशीलाबाई म्हणाल्या.

मास्तरांचा घास हातातच राहिला. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. लगदा, टोपलं, पोतं. हरळी थंडीनं मातीत गुडूप झोपली होती, आणि मेथी नागपूरच्या हिवाळ्यात हवा खात वर आली होती!

“कोणाला बोलू नकोस!” मास्तर कळवळून म्हणाले. “संक्रांत होऊ दे. मैदान जाईल गं पोरांचं!”

“मी कशाला बोलू? पण रुखमाबाईला माहीत आहे.”

रुखमाबाईला माहीत आहे म्हणजे कुहीपर्यंत माहीत आहे. संक्रांतीच्या सकाळी मास्तर मैदानावर पोहोचले, तर आळीतल्या झाडून साऱ्या बायका ओळीनं बसून मेथी खुडत होत्या! एका गोलखांबापुढची जमीन तर पार उघडी पडली होती.

“अहो बाई, काय करता? साहेब यायचे आहेत!”

“काहून एवढे कावले गा मास्तर?” रुखमाबाई ओटी सावरत म्हणाली. “खुडली की अजून फुटते. आज संक्रांत हाये, मिसळीच्या भाजीत लागते.”

तेवढ्यात साहेबांची जीप आलीच. बायका पदर सावरत काठाला सरल्या. साहेब उतरले आणि मैदानाकडे पाहतच राहिले. मागे भैय्याजी. कानामागे त्यांच्या अजून थोडी हिरवळ होती. साहेब दोन पावलं चालले, वाकले, एक पान तोडलं, चुरगाळलं आणि नाकाशी नेलं.

“नानाजी, ही मेथी आहे.”

मास्तरांनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना गाळ्यांची रांग दिसू लागली. भैय्याजींच्या मिशा आनंदानं फुलल्या.

आणि जन्मभर भ्यालेले नानाजी त्या दिवशी पहिल्यांदा खोटं बोलले. “होय साहेब! मुलांना श्रमाची गोडी लागावी म्हणून आमचा शेतकी उपक्रम. कल्पना कृष्णकांत मास्तरांची.”

“मुरमावर मेथी? कमाल आहे!” साहेब शेतकऱ्याच्या घरचे निघाले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला आणि तिथल्या तिथं जाहीर केलं, की ही जागा कायम शाळेच्याच उपक्रमाला राहील, तसा हुकूम मी काढतो. भैय्याजी त्या दिवशी तिळगूळ न घेताच घरी गेले.

गाळे टळले! मास्तर घरी नाचत आले. आठवड्यानं हुकूम आला आणि त्याबरहुकूम मैदानाच्या तोंडाशी ठळक पाटी लागली: ‘शालेय कृषी क्षेत्र. आत खेळण्यास सक्त मनाई.’ कृषीप्रमुख म्हणून कृष्णकांत मास्तर, आणि आत शिरणाऱ्या पोरांना शिट्टी वाजवून हाकलण्याची जबाबदारीही त्यांचीच.

उन्हं तापली तशी मेथी वाळून गेली आणि झोपलेली हरळी जागी झाली. ती अशी पसरली, की पुढं तिथं एकही पीक तग धरेना. आज त्या भागात जिकडेतिकडे दुकानं झाली आहेत, पण तेवढा तुकडा अजून मोकळा आहे. तेव्हाची पोरं, आता केस पिकलेली, भेटली की शपथेवर सांगतात, की मास्तरांनी नोकरीत असेतो नेमून दिलेलं काम एक दिवसही चुकवलं नाही. रोज संध्याकाळी पोरं आत शिरत, आणि मास्तर पाटीला टेकून खणखणीत शिट्टी वाजवत.

फक्त, गोल झाल्यावर.