यज्ञेश्वर मास्तरांचा दगड

नगरच्या किल्ल्याला फेरी कशी घालावी, हे यज्ञेश्वर मास्तरांकडून शिकावं. निदान मास्तरांचं तरी तसं म्हणणं होतं. किल्ल्यात लष्कर, त्यामुळे आत जायची सोय नाही. बाहेरूनच, खंदक उजव्या हाताला ठेवून, भरभर चालायचं. पोटाच्या आधी पाय पुढे पडला पाहिजे!

या फेरीवर त्यांचा चहा अवलंबून होता. मास्तरांना मधुमेह निघाला तेव्हा त्यांच्या बायकोने, सरोजिनीबाईंनी, घरात कायदाच केला. फेरी झाली तर साखरेचा एक कप चहा, नाही तर बिनसाखरेचा काढा. किल्लाही त्यांनीच निवडला, कारण त्या वाटेवर खंदक आहे, बाभळी आहेत, पहारेकरी आहेत, पण हॉटेल एकही नाही.

फेरी संपायची ती लष्कराने चुना फासलेल्या हद्दीच्या दगडापाशी. तिथे मास्तर बूट काढून खडे झटकत, दगडावर दोन्ही हात टेकत आणि मान खाली घालून, डोळे मिटून दम खात. बस्स, एवढंच. देव दगडात नसतो, हे पोरांना तीस वर्षं शिकवलेला माणूस तो.

पण साल बाहत्तरचं, दुष्काळाचं. त्या वाटेने दूध घालायला जाणारी झुंबरबाई हे रोज बघत होती. एवढा शिकलेला माणूस प्रदक्षिणा घालतो, पायताण काढतो, माथा टेकतो, ते काय उगाच? तिची म्हैस पान्हा चोरत होती. तिने दगडाला फूल वाहिलं आणि चौथ्या दिवशी म्हशीने पान्हा सोडला.

मग काय विचारता! सोमवारी हळदकुंकू, बुधवारी शेंदूर, शनिवारी नारळ आणि पेढे. मास्तर चवताळले. दगडापुढे उभं राहून त्यांनी अर्धा तास भाषण ठोकलं. जमलेल्या बायकांनी ते हात जोडून ऐकलं आणि शेवटी त्या मास्तरांच्याच पाया पडल्या.

"अहो बाई, मी तिथे नुसता दम खातो!" मास्तर कडाडले.

"व्हय बाबा," झुंबरबाई म्हणाली. "येवढं चालून हितंच तुमाला दम लागतोय, म्हंजी जागा लई कडक हाय."

आता मात्र मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तडक किल्ल्याच्या फाटकावर गेले आणि लष्कराच्या दगडाची ही विटंबना ताबडतोब थांबवा, अशी लेखी तक्रार ठोकून आले.

लष्कराने बंदोबस्त केला तो लष्करी पद्धतीनेच. दुसऱ्या दिवशी वाटेत आडवा बांबू आणि बांबूमागे हवालदार. फिरायला सक्त मनाई.

"अहो, तक्रार मीच केली होती!"

"म्हणून तर लगेच झालं," हवालदार शांतपणे म्हणाला. शिवाय कुणाच्या श्रद्धेला धक्का नको, म्हणून साहेबांनी पूजेपुरता एक माणूस सोडायला सांगितलाय आणि झुंबरबाईने नावही देऊन ठेवलंय. त्याने वही उघडून वाचलं, "पुजारी, यज्ञेश्वर मास्तर."

मास्तर पाय आपटत घरी परतले. मेलो तरी बेहत्तर, पण ताम्हन हातात धरणार नाही, असं त्यांनी बायकोला बजावलं. तिने काढा पुढे ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मास्तर ताम्हन घेऊन बांबूपाशी उभे राहिले. हवालदाराने बांबू उचलला आणि कडक सलाम ठोकला.

तेव्हापासून फेरी पूर्वीसारखी होते. बायका आपला नैवेद्य बांबूपाशीच मास्तरांच्या ताम्हनात ठेवतात. घंटा मात्र मास्तर वाजवत नाहीत, तेवढं तत्त्व त्यांनी अजून सोडलेलं नाही. आणि दगडाला वाहिलेल्या पेढ्यांचं पुढे काय होतं, हे सरोजिनीबाईंनी अजून विचारलेलं नाही.