कापलेला शेवट

आपल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये, ही इच्छा निर्मळच. परंतु त्यासाठी त्याच्या पुढ्यातले सत्य काढून घेण्याचा अधिकार स्नेहालाही नाही. हा विवेक बाइंडरकाकांना सुचला खरा, पण सुरी चालवून झाल्यावर.

वाचनालयाची फाटकी पुस्तके ते घरी बांधून देत. एकदा एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद दुरुस्तीला आला आणि काकूंनी तो वाचायला घेतला. नायक जिच्यावर जीव टाकतो, सूडापोटी तिचाच संसार उधळतो. काकू त्याला शिव्या घालीत आणि त्याच्यासाठीच रडत. त्यांचे जेवणही सुटले. शेवटी नायिका मरते, हे ग्रंथपालांकडून कळताच काकांनी अखेरची पाने अलगद सोडवली आणि नायक क्षमा मागतो त्या पानावरच पुस्तक सुबक बांधून टाकले.

काकू इतक्या प्रसन्न झाल्या की वाचकमंडळात याच कादंबरीवर बोलण्याचे त्यांनी कबूल केले. आयुष्यातले पहिलेच भाषण! काकांना घाम फुटला.

"घसा बसलाय म्हणून सांग ना."

"माझा घसा ठणठणीत आहे. तुमचंच तोंड का उतरलंय?"

सभेत काकू रंगल्या. "प्रेमानं कितीही वाटोळं केलं, तरी माफीनं सावरतं. म्हणून तर दोघं शेवटी सुखी होतात!"

"अहो काकू, ती तर मरते!" ग्रंथपाल म्हणाले.

"कुठल्या पानावर? दाखवा!"

खसखस पिकली. "काकूंनी वेगळीच कादंबरी वाचली वाटतं!" कोणीतरी म्हणाले. काकूंनी पुस्तकाचे शेवटचे पान पुन्हा उलटून पाहिले. तेव्हा काका उठले. मान वर होईना.

"पानं मी काढली. ती रडायची, मला बघवेना."

हशा विरला. काकू हळूच म्हणाल्या, "त्या मेल्यानंही प्रेमापोटीच तिचं वाटोळं केलं. त्याच्यात नि तुमच्यात फरक काय?"

"मी... बांधणी चांगली केली."

काकांनी खिशातून पाने काढली. छापलेला कागद फेकणे त्यांच्या हाताला ठाऊक नव्हते. मात्र त्यांतला एक शब्दही त्यांनी वाचला नव्हता.

"वाचा आता. सगळ्यांसमोर."

काका वाचू लागले. पहिले पान उलटण्याआधीच थांबले.

"पुढे?"

"मरतेय गं ती!" काका चक्क हुंदके देऊ लागले.

"आता यांच्यासाठीही शेवट कापायचा का?" ग्रंथपालांनी विचारले.

"मुळीच नाही." काकूंनी पाने हाती घेतली, नवऱ्याला शेजारी बसवले आणि स्थिर स्वरात कथा अखेरपर्यंत वाचली.

रडणारा आणि डोळे पुसणारा यांच्या पाळ्या त्या घरी अशाच बदलत राहोत.